डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

भात पिकून पिवळें झालें म्हणजे आपल्या मुळशी तालुक्यांत दरवर्षीं एक प्रकार घडतो, आणि तो पाहून पुष्कळांस नवल वाटतें. तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषि सहायक यांपैकीं कोणी तरी दोरी, खुंट्या व फीत घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या खाचरांत उतरतो. गांवांत याहून चांगलीं शेतें असतां यानें नेमकें माझेंच कां धरलें, असा प्रश्न धन्यास पडतो. तो मनुष्य शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, कागदावर आधींच उतरून आणलेल्या आंकड्यांप्रमाणें पावलें मोजीत आंत जातो, तेथें खुंटी ठोकतो, दोरीनें चौकोन आखतो, आणि तेवढ्या चौकोनांतीलच भात कापवून, झोडवून, वारवून तोलतो. चौकोनांत पीक विरळ निघालें तरी दोरी सरकवून दाट पिकावर न्यावयाची नाहीं, व दाट निघालें तरी विरळावर आणावयाची नाहीं, असा नियम आहे. शेतकऱ्याच्या आर्जवानें तो मोडत नाहीं. निदान मोडूं नये. यास पीक कापणी प्रयोग म्हणतात. तालुक्यांत एकरीं किती भात झालें हें या तोलावरून ठरतें, आणि अलीकडच्या वर्षांत पीकविम्याची भरपाईहि बहुतेक याच तोलावर ठरत आली आहे.

ही रीत या देशांत ज्या विद्वानांच्या श्रमानें रूढ झाली, त्यांतील एक प्रमुख पुरुष आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांतला होता. त्याचें नांव पुस्तकी मंडळींस ठाऊक आहे, परंतु ज्यांच्या खाचरांत त्याची दोरी पडते त्यांस बहुधा ठाऊक नाहीं. संख्याशास्त्रज्ञाचें नशीबच असें. गव्हाचें नवें वाण निघालें तर वाण काढणाराचें नांव होतें. औषधानें गुण आला तर वैद्याचें. कोणतें वाण खरोखर सरस आहे, गुण औषधानें आला कीं आपोआप आला, हें ज्यानें प्रयोग मांडून व आंकडे तपासून ठरवून दिलें, त्याची आठवण क्वचितच राहते. यास्तव डॉ. सुखात्मे यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें योजिलें आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं खटाव तालुक्यांतील बुध या गांवीं झाला. खटाव व माण हा पाऊस हुलकावणी देणारा प्रदेश. तेथें पीक किती आलें हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां वाईटच असतें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ सालीं पदवीधर झाले, व पुढल्या वर्षीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दाखल झाले. १९३६ सालीं त्यांस तेथें पीएच्. डी. व १९३९ सालीं डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

त्या वेळीं त्या कॉलेजांत संख्याशास्त्राचे जगांतील अग्रगण्य आचार्य एकाच इमारतींत वरखालच्या मजल्यांवर बसत, आणि त्यांचें एकमेकांशीं पटत नसे. एका बाजूस ईगन पिअर्सन व जर्झी नेमन, दुसऱ्या बाजूस रोनाल्ड फिशर. सुखात्मे यांनीं नेमन यांच्या हाताखालीं नमुना निवडीचें शास्त्र आत्मसात केलें. आणि फिशर यांच्या बाजूच्या एका कसोटीसाठीं लागणारीं कोष्टकेंहि त्यांनींच किचकट गणित करून सिद्ध केलीं. भांडणाऱ्या दोन्हीं घरीं पाण्याचा तांब्या मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

नमुना निवड म्हणजे काय, हें आपल्या भाषेंत एका म्हणींतच सांगून ठेविलें आहे: शितावरून भाताची परीक्षा. परंतु ही म्हण खरी केव्हां ठरते? भात एकाच पातेल्यांत, एकाच आंचेवर, सारखा शिजला असेल तेव्हां. तालुका हें कांहीं असें पातेलें नव्हे. आपल्याकडेच पाहा. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पौडाकडे तो पुष्कळ कमी होतो, व पिरंगुटापलीकडे पुण्याच्या बाजूस आणखी उतरतो. डोंगरउतारावरचें खाचर निराळें, मुळेच्या कांठचें निराळें. एका ठिकाणचें शीत चेपून साऱ्या तालुक्याचा भात कच्चा कीं पक्का हें कोण सांगेल? म्हणून शास्त्राचा नियम असा कीं, प्रथम मुलखाचे सारखेपणावरून भाग पाडावे. प्रत्येक भागांतून गांवें व शेतें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, कोणाची आवडनिवड न चालूं देतां निवडावीं. आणि ज्या भागांत शेताशेतांत फरक फार, तेथून नमुने अधिक घ्यावे. पण कोणत्या भागांत फरक फार आहे हें मोजण्यापूर्वींच कसें कळावें? लहानशी चांचणी घेऊन अदमास बांधला, आणि तो अदमास थोडा चुकला, तर सगळा लाभ बुडेल काय? सुखात्मे यांचा १९३५ सालचा पहिला महत्त्वाचा निबंध नेमका या अडचणीवर आहे. बहुधा लाभ बुडत नाहीं, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. निबंध गणिती चिन्हांनीं भरलेला आहे, परंतु त्याच्या तळाशीं प्रश्न शेतकऱ्याच्या सोयीचा आहे: थोड्या श्रमांत व थोड्या पैशांत विश्वासाचें उत्तर कसें मिळेल?

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं कांहीं काळ कलकत्त्यास आरोग्यशास्त्राच्या अखिल भारतीय संस्थेंत संख्याशास्त्र शिकविलें, व १९४० सालीं ते दिल्लीस शेतकी संशोधनाच्या सरकारी परिषदेंत संख्याशास्त्र विभागावर आले. त्या काळीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होई. वाचकांतील वृद्धांस ती पद्धत आठवत असेल. कारकून किंवा पाटील बांधावर उभा राहून पीक नजरेनें पाही, व तें सोळा आण्यांपैकीं किती आणे आहे हें सांगे. पूर्ण पीक कशास म्हणावें याविषयींहि सर्व प्रांतांचें एकमत नव्हतें. नजर बांधावरून फिरे, शेतांत उतरत नसे. आणि नजरेमागें माणसाचें मन असतें. गांवचा मनुष्य सारा माफ व्हावा म्हणून कमी आणे सांगे, सरकारी मनुष्य वसूल व्हावा म्हणून जास्त. मुंबई इलाख्यांत पीक चार आण्यांखालीं गेलें तर त्या वर्षाचा सारा तहकूब होई. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत गांधीजींनीं सत्याग्रह चालविला, त्याच्या मुळाशीं हाच वाद होता. रयत म्हणे पीक चार आण्यांहून कमी, अधिकारी म्हणत त्याहून अधिक. दोघांमध्यें तिसरा निःपक्षपाती साक्षीदार नव्हता.

याहून भयंकर प्रसंग १९४३ सालीं बंगालांत आला. त्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. त्याचीं कारणें अनेक व वादग्रस्त आहेत. परंतु प्रांतांत धान्य किती आहे हें कोणासच खात्रीनें सांगतां येत नव्हतें, हें मात्र सर्वांस मान्य झालें. सुखात्मे यांच्या कामास खरी निकड आली ती या वर्षांत. गव्हाच्या व भाताच्या मुलखांत प्रांतामागून प्रांत त्यांनीं नमुन्यानें पीक कापण्याच्या पाहण्या उभ्या केल्या. वऱ्हाडांत अकोला जिल्ह्यांत कापसाच्या पिकावर तशीच पाहणी विनायक गोविंद पानसे यांनीं केली होती. पुढें सुखात्मे व पानसे यांनीं मिळून शेतकी कामगारांसाठीं संख्याशास्त्राच्या पद्धतींचें एक पुस्तक लिहिलें. तें १९५४ सालीं प्रसिद्ध झालें. दोन वाणांची तुलना कशी करावी, खताचा प्रयोग कसा मांडावा, हें शेतकी कॉलेजांच्या अनेक पिढ्या त्या पुस्तकावरून शिकल्या, आणि त्या दोघांचीं नांवें विद्यार्थ्यांच्या तोंडीं जोडनांवासारखीं झालीं.

या पाहण्यांवरून एक मोठा वाद उत्पन्न झाला. तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण मुळशीच्या खाचरांत आज दिसणारा चौकोन हा त्याच वादाचा निकाल आहे. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस हे या देशांतील संख्याशास्त्राचे आद्य आचार्य. त्यांची रीत अशी कीं, दोन किंवा चार फूट त्रिज्येचें लहान वर्तुळ घेऊन तेवढेंच पीक कापावें. त्यास वेळ थोडा लागतो, म्हणून ठिकाणें पुष्कळ घेतां येतात; आणि काम स्वतः शिकवून तयार केलेल्या स्वतंत्र माणसांकडून करवावें. सुखात्मे यांचें म्हणणें निराळें. लहान वर्तुळाच्या कडेवर जीं रोपें येतात, तीं आंत धरावीं कीं बाहेर, याविषयीं कापणाराचा हात नकळत आंत ओढतो, आणि पीक आहे त्याहून जास्त भरतें. मोठ्या चौकोनांत ही चूक नगण्य होते. गणित वाचकांसहि करून पाहतां येईल. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारें साडेबारा फूट व क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस फूट; म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागें एक फूट कड. ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद अशा चौकोनाची कड ९९ फूट, पण क्षेत्र साडेपांचशें चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे एकराचा बरोबर ऐंशीवा हिस्सा. तेथें प्रत्येक चौरस फुटामागें कड जेमतेम सवादोन इंच. संशयाची जागाच आटली. सुखात्मे यांनीं हें केवळ तर्कानें न सांगतां एकाच पिकांत लहानमोठे आकार प्रत्यक्ष कापवून तोलून दाखविलें, व त्यावरील त्यांचे निबंध १९४६ व १९४७ सालीं विलायतेंत व अमेरिकेंत छापले गेले.

दुसरा मुद्दा माणसांचा. काम कायमचें चालावयाचें असेल तर तें गांवच्या तलाठ्यानेंच व शेतकी खात्याच्या मनुष्यानेंच केलें पाहिजे, त्यांस दोरी धरावयास शिकवावें, असा सुखात्मे यांचा आग्रह. महालनोबीस यांस भीति अशी कीं, ज्याच्या हातीं सारावसुली आहे तो मनुष्य निःपक्षपाती राहील कशावरून? माझ्या मतें चौकोनाच्या बाबतींत सुखात्मे बरोबर होते, आणि माणसांविषयींची महालनोबीस यांची शंका अजून पुरती फिटलेली नाहीं. ज्यानें शेतावर न जातां कचेरींतच तक्ता भरला, असा एखादा प्रयोग कोणाच्या ऐकिवांत नाहीं काय? शास्त्र दोरीपर्यंत नेतां येतें. दोरी धरणारा हात प्रामाणिक असणें ही पुढची गोष्ट.

३ जानेवारी १९४७ रोजीं शेतकी संख्याशास्त्राची भारतीय परिषद स्थापन झाली, आणि राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष झाले. दिल्लींतील त्या लहानशा विभागाचीहि पुढें वाढ होत जाऊन तेथें शेतकी संख्याशास्त्राची मोठी संशोधन संस्था उभी राहिली. परंतु तिची भरभराट होण्यापूर्वींच सुखात्मे यांस निराळें बोलावणें आलें. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९५१ सालीं रोम शहरीं गेली, त्याच सुमारास ते तिच्या संख्याशास्त्र विभागाचे मुख्य झाले, व सुमारें वीस वर्षें त्यांनीं तें काम पाहिलें. बुधच्या मुलाकडे आतां सर्व जगाच्या ताटाचा हिशेब आला.

येथें त्यांच्या स्वभावाची खरी कसोटी लागली. त्या संघटनेचे पहिले मुख्याधिकारी लॉर्ड बॉइड ऑर यांनीं पूर्वीं असें जाहीर केलें होतें कीं, मानवजातीचे दोनतृतीयांश लोक भुकेले किंवा अर्धपोषित आहेत. ही गोष्ट जगभर पसरली होती. तिनें श्रीमंत राष्ट्रांची मनें द्रवत, व मदत मिळण्यास उपयोग होई. सुखात्मे यांनीं घरोघरच्या आहाराच्या पाहण्या हातीं घेतल्या, आणि सरासरी न पाहतां कोणाच्या वांट्यास किती येतें, ही वांटणी पाहिली. कारण घरांत दहा भाकऱ्या झाल्या व माणसें पांच असलीं, तरी प्रत्येकास दोन मिळाल्या असें होत नाहीं. या हिशेबानें, जगांत शंभरांपैकीं दहा ते पंधरा माणसांस पोटभर अन्नच मिळत नाहीं, आणि अपुरें व निकस अन्न दोन्हीं धरलीं तर निम्म्यापर्यंत लोक त्यांत येतात, असें त्यांनीं १९६१ सालीं लंडनच्या राजेशाही संख्याशास्त्र मंडळीपुढें मांडलें. आंकडा दोनतृतीयांशांहून लहान होता. भुकेल्यांच्या कैवाऱ्यानेंच भुकेल्यांची संख्या कमी करावी, हें कित्येकांस रुचलें नाहीं. परंतु फुगविलेला आंकडा एक दिवस उघडा पडतो, व मग खऱ्या भुकेवरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं. त्या मंडळीनें या कामासाठीं त्यांस आपलें रौप्य गाय पदक दिलें. जगांत भुकेलीं माणसें किती हें ती संघटना अजूनहि दरवर्षीं प्रसिद्ध करते, आणि त्या गणनेच्या रीतीचें मूळ याच निबंधांत आहे.

त्या काळीं दुसरी एक हांक उठली होती. गरिबांच्या आहारांत प्रथिनें कमी आहेत, म्हणून त्यांस प्रथिनांच्या पुड्या, माशांचें पीठ वगैरे पुरवावें, असें मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत होते. सुखात्मे यांनीं या देशांतील आहाराचे आंकडे तपासून दाखविलें कीं, जो मनुष्य भाकरी, भात व डाळ पोटभर खातो त्याला प्रथिनें बहुधा पुरतात. ज्याला पुरत नाहींत त्याला मुळांत अन्नच पुरत नसतें. घरांत जळण नसलें म्हणजे माणूस छपराचे वासे काढून चुलींत घालतो, तशी पोट रिकामें असलें म्हणजे शरीरांत प्रथिनें जळणासारखीं जळून जातात. तेव्हां प्रथम जळण द्या, वासे राहतील. हें वैद्यांनीं सांगावयाचें, तें संख्याशास्त्रज्ञानें सांगितलें, आणि काळानें बहुतेक त्याच्याच बाजूनें निकाल दिला.

१९७१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. रोमहून परतल्यावर ते पुण्यास राहिले, आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेंत संशोधन करूं लागले. साठीनंतर माणसें पेन्शनीचा हिशेब करतात. यांनीं आयुष्यांतील सर्वांत तीव्र वाद येथें आरंभिला.

प्रसंग असा. पुण्याच्या गोखले संस्थेंतील विनायक महादेव दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं दारिद्र्याची मोजणी केली होती. माणशीं रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्यास झेपत नाहीं तो दरिद्री, असें मानून त्यांनीं १९६०-६१ सालीं खेड्यांत शेंकडा ४० व शहरांत शेंकडा ५० लोक दरिद्री ठरविले. दांडेकर हेहि साताऱ्याचेच, आणि मूळचे संख्याशास्त्रज्ञच. सुखात्मे म्हणूं लागले कीं, ही रेघ चुकीच्या जागीं ओढली आहे. निरोगी माणूसहि रोज सारखें खात नाहीं. या आठवड्यांत कमी, पुढच्यांत जास्त. तरी त्याचें वजन ढळत नाहीं, काम चालतें. कारण शरीर कमी अन्नावर अधिक काटकसरीनें वागतें. कॅलिफोर्नियांतील वैद्य शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनीं हें मत मांडलें. तेव्हां सरासरी गरजेखालीं जो जो आढळला तो तो उपाशी असें म्हणतां येत नाहीं. रेघ त्या चढउताराच्या खालच्या टोकाशीं असावी. रेघ खालीं आली कीं उपाशी माणसांची संख्या एकदम घटते.

दांडेकर यांनीं या मतास जोरानें विरोध केला. आहारशास्त्रज्ञ कोलुथूर गोपालन यांच्यासारखे वैद्यहि विरुद्ध उभे राहिले. विरोधकांचें म्हणणें असें कीं, कमी अन्नावर भागविणें ही शरीराची सुखाची काटकसर नव्हे. त्यासाठीं मूल खुरटतें, मजूर दुपारनंतर बसतो. शिवाय एक आठवडा कमी व एक आठवडा जास्त हें ज्याच्या घरीं धान्य आहे त्याचें. जो बारमास कमीच खातो त्यास हा नियम कसा लागावा? मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर हा सामना वर्षानुवर्षें चालला. मला स्वतःस वाटतें कीं, माणसामाणसांत व दिवसादिवसांत फरक असतो, एका कडक रेघेनें पोटें मोजूं नयेत, हें सुखात्मे यांचें म्हणणें खरें. पण त्यांनीं काढलेल्या निष्कर्षाचा आधार घेऊन एखादा कठोर अधिकारी गरिबाचें ताट आणखी लहान करील, ही भीतिहि खोटी नव्हती. स्वतः सुखात्मे यांचा तो हेतु नव्हता. त्यांचें सांगणें असें कीं, मुलांच्या कुपोषणाचें एक मोठें कारण ताटांत नसून पाण्यांत आहे. घाण पाण्यानें व हगवणीनें खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. गांवास स्वच्छ पाणी व शौचकूप द्या, म्हणजे आहे तेंच अन्न अधिक कामीं येईल. हा भाग मात्र त्यांचे विरोधकहि नाकारूं शकले नाहींत.

डॉ. सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजीं निवर्तले. दांडेकर त्यांच्या दीड वर्ष आधीं, १९९५ सालीं गेले होते. वाद कोणीच सोडला नव्हता.

२००० सालीं भारत सरकारनें सुखात्मे यांच्या नांवानें एक राष्ट्रीय पारितोषिक स्थापिलें. पंचेचाळीस वर्षांवरील ज्या संख्याशास्त्रज्ञानें जन्मभर मोलाचें काम केलें, त्यास तें एक वर्षाआड द्यावें, अशी योजना. २००७ सालापासून २९ जून हा दिवस देशांत सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो, व त्या दिवशींच्या समारंभांत हें पारितोषिक दिलें गेलें आहे. २९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्मदिवस आहे.